अर्धी नमो मरिया

ब्राझीलमधल्या आग्वा तोर्ता गावातल्या पंपावर गाड्यांत घालायचं अल्कोहोल चोख आहे की नाही ते बघायला एक काचेची नळी बसवलेली आहे. सरकारनेच बसवायला लावली. नळीत एक कांडी तरंगते, कांडीवर तांबडी रेघ असते. रेघ बुडालेली असेल तर माल चोख, रेघेने डोकं वर काढलं तर पाणी जास्त. शेंबड्या पोरालाही कळेल. पण बसवल्यापासून त्या नळीकडे गावात कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. गाव झुल्मिराचा तळहात बघतं.

झुल्मिरा पावानेली म्हणजे पंपावर गाड्यांत अल्कोहोल भरणारी बाई. वय साठ, उंची बेताची, आवाज बेताचा नाही. टँकर रिकामा झाला की ती चार थेंब तळहातावर घेते, दुसऱ्या हाताने पसरते आणि 'नमो मरिया' म्हणायला लागते. माल चोख असेल तर अर्ध्या प्रार्थनेत, म्हणजे 'पवित्र मरिये'पर्यंत पोचायच्या आधी, हात गार पडून कोरडा होतो. थोडं पाणी त्यात असतंच, पण ते सरकारमान्य पाणी. ते धरूनच अर्धी नमो मरिया. हात त्यापुढेही ओला राहिला तर मालाचा बाप्तिस्मा झाला म्हणायचं. आमच्याकडे दुधात पाणी घाला, दारूत घाला नाहीतर गाडीच्या अल्कोहोलमध्ये घाला, शब्द हाच. फादरना तो आवडत नाही. स्वतःच्या दूधवाल्याबद्दल बोलताना मात्र तेही तोच वापरतात.

गावाला चारी बाजूंनी ऊस आहे आणि झुल्मिराही आधी ऊसच तोडायची. चौऱ्याऐंशी साली, म्हणजे ब्राझीलमध्ये जो उठेल तो अल्कोहोलवर चालणारी गाडी घ्यायला लागला त्या दिवसांत, पंपाचे मालक दुरव्हालशेट यांना नोकर हवा होता. आधीचे दोन गडी माल तोंडाने चाखून बघायचे. एक तर इतक्या निष्ठेने चाखायचा की दुपारनंतर त्यालाच गाडीत घालून घरी सोडावं लागायचं.

"पितेस का गं?" दुरव्हालशेटनी विचारलं.

"कॉफी."

"मग उद्यापासून ये. आणि हे बघ, माल हाताने तपासायचा. तोंड त्यात आणायचं नाही."

तेव्हापासून ती हाताने तपासते. प्रार्थना तिची स्वतःची भर. तिच्याकडे घड्याळ नव्हतं.

त्या जुन्या गाड्यांचं एक दुखणं होतं. अल्कोहोल थंडीत पेट घेत नाही. म्हणून इंजिनाशेजारी पेट्रोलची एक बुटकी टाकी असायची, तांब्याभर पेट्रोल मावेल एवढी. सकाळी बटण दाबायचं, पेट्रोलचा फवारा उडायचा, चोक ओढायचा, मग गाडी खोकत खोकत सुरू व्हायची. पण माणसं मोठी टाकी भरतात आणि बुटकी विसरतात. त्यामुळे जुलै महिन्यात सकाळी सात वाजता गावातल्या प्रत्येक गल्लीतून स्टार्टरची रड ऐकू यायची, आणि मागोमाग गाडीवाल्याच्या बायकोचं बोलणं.

झुल्मिरा निव्हाल्दोची धर्ममाय, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाला हातावर घेऊन त्याच्या वतीने देवाला शब्द देणारी बाई, झाली ती याच विसरण्यामुळे.

निव्हाल्दो हा दुरव्हालशेटचा उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत त्याचा बाप्तिस्मा ठरला. धर्ममाय म्हणून दुरव्हालशेटची मेहुणी यायची होती. मोठ्या शहरातली बाई, नवी कोरी गाडी, अंगात फरचा कोट. आदल्या दिवशी ती शेजारच्या गावात दुसऱ्या बहिणीकडे उतरली होती. सकाळी दव गोठलं आणि तिची गाडी काही केल्या सुरू होईना. बुटक्या टाकीत थेंब नव्हता. पंपमालकाची मेहुणी, आणि बुटकी टाकी कोरडी. गावाला ही गोष्ट पुढे दहा वर्षं पुरली.

त्या वेळचे फादर म्हातारे आणि तापट होते. साडेनऊला त्यांना पुढच्या गावच्या देवळात मिस्सा, म्हणजे उपासना, चालवायची होती. ते म्हणाले, "दुरव्हाल, मला कोट नको, ख्रिस्ती बाई पाहिजे. पाच मिनिटांत आण."

पाच मिनिटांच्या अंतरावर एकच ख्रिस्ती बाई जागेवर उभी होती. पिवळी टोपी घालून, हातात पंपाची नळी धरून. दुरव्हालशेटनी तिला जशी होती तशी उचलली. देवळात शिरल्यावर फादरनी नाक वर करून विचारलं, "इथे कोण पिऊन आलंय?" झुल्मिराने दोन्ही हात पुढे केले. फादरनी हुंगले, मान हलवली आणि बाळ तिच्या हातात दिलं.

तिचं लग्न झालं होतं, पण नवरा उसाच्या ट्रकवर होता आणि दोन वर्षांतच अपघातात गेला. मूल झालं नाही. निव्हाल्दो हाच तिचा काय तो मुलगा. ती हे कधी बोलली नाही, पण दुसरं कुणी बोललं तर नाकारलंही नाही. आमच्याकडे धर्ममाय दिसली की आशीर्वाद मागायचा, मग तुम्ही कुणीही असा. शाळेच्या दप्तरासकट निव्हाल्दो रोज पंपावर थांबायचा. "आशीर्वाद दे, माय." ती नळी खाली न ठेवता म्हणायची, "देव तुझं भलं करो." मग दप्तर गेलं, मिश्या आल्या, दोन हजार वीसमध्ये दुरव्हालशेट गेले आणि निव्हाल्दो मालक झाला. तरी रोज सकाळी मालक नोकराणीपुढे मान झुकवून आशीर्वाद मागायचा आणि नंतर तिला कामं सांगायचा. यात काही वेगळं आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं.

गाड्याही मधल्या काळात बदलल्या. आता एकाच टाकीत पेट्रोल घाला नाहीतर अल्कोहोल, गाडी दोन्ही पिते. पाट्यांवर सरकारने 'इथेनॉल' लिहायला लावलं. ते वाचायला. बोलायला अल्कोहोलच. गाडीवाले काच खाली करून एवढंच विचारतात, "झुल्मिरा, आज काय?" अल्कोहोलवर गाडी लिटरमागे कमी पळते, म्हणून त्याचा भाव पेट्रोलच्या भावाच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तरच परवडतं. झुल्मिरा चौथीपर्यंत शिकलेली. पण ती हे गणित गाडी थांबायच्या आत करते आणि "आज अल्कोहोल" नाहीतर "आज पेट्रोल" सांगून मोकळी होते. उलटतपासणी कुणी करत नाही.

बावीसच्या मार्चमध्ये निव्हाल्दोला मुलगी झाली. बायको तालिता दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी तो पंपावर येऊन म्हणाला, "माय, हेलोइझाची धर्ममायही तूच."

झुल्मिरा म्हणाली, "माझे गुडघे दुखतात."

"उभंच राहायचंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीत अल्कोहोलच्या जागी पेट्रोल भरलं. गाडी दोन्ही पिणारी होती म्हणून बरं. इतका आनंद तिला त्याआधी कधी झाला होता ते तिलाही आठवलं नाही.

बाप्तिस्मा जुलैच्या पहिल्या रविवारी ठरला. त्याच सुमारास हायवेला एक नवा पंप उघडला. मोठं छत, दिवे, थंडगार दुकान, संडासात संगीत. आमच्या गावचे लोक मुद्दाम तिकडे संडासाला जाऊन यायला लागले आणि गेलेच आहोत तर टाकीही भरून यायला लागले. निव्हाल्दोने इकडे भाव उतरवला. त्यांनी तिकडे उतरवला. त्याने पुन्हा उतरवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी झुल्मिरा कामावर आली तर गाड्या धुवायची रबरी नळी जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापाशी पडलेली. तोंड ओलं. आदल्या दिवशी एकही गाडी धुतली नव्हती. तिने नळी गुंडाळून जागेवर ठेवली. मग पंपातून चार थेंब तळहातावर घेतले आणि प्रार्थना सुरू केली. 'पवित्र मरिये' आलं. 'आता आणि आमच्या मरणसमयी' आलं. 'आमेन' झालं. हात ओलाच. तिने एप्रनला पुसला.

मग ती काचेच्या नळीकडे गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नळीवर आपारेसिदा माऊलीचं, म्हणजे ब्राझीलच्या मरियेचं, चित्र चिकटवलेलं होतं. निळा अंगरखा, सोन्याचा मुकुट, बरोबर तांबड्या रेघेच्या जागी. माऊलीला नखाने खरवडून काढायचा धीर तिला झाला नाही. तिने छातीवर क्रूस काढला आणि परत फिरली.

निव्हाल्दो आठ वाजता आला. "आशीर्वाद दे, माय."

"पाणी घातलंस," झुल्मिरा म्हणाली.

"थंडीने हवा दमट आहे. हात वाळत नाहीत."

"निव्हाल्दो, मी अडतीस वर्षं या हवेत उभी आहे."

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. लहानपणी शाळेत मार खाल्ला की असाच बसायचा. "सगळेच घालतात गं. हायवेवाला काय देवाच्या नदीतलं विकतो? माझी दर आठवड्याला चाळीस गिऱ्हाइकं कमी होतायत. बाप्तिस्म्यापर्यंत थांब. तेवढा महिना जाऊ दे, मग बंद करतो. तुझी शप्पथ."

"माझी शप्पथ तू कशाला खातोस? माझ्यात काही पाणी नाही."

"कुणी विचारलं तर फक्त नेहमीसारखं सांग. बास. लोक तुझंच ऐकतात."

आता गोष्ट एवढीच होती. झुल्मिराने 'चोख आहे' म्हटलं की पंप वाचत होता आणि अडतीस वर्षांचा तिचा शब्द पाण्यात जात होता. तिने 'पाणी आहे' म्हटलं की उद्या दुपारपर्यंत आख्ख्या गावात बातमी, परवा तपासनीस, तेरवा पंपाला सील. आणि ज्याला तिने दोन हातांवर घेतलं होतं तो पोरगा गावात तोंड दाखवायच्या लायकीचा उरला नसता. ती दिवसभर विचार करत राहिली आणि तिला काहीही सुचलं नाही. घरी जाऊन राजमा-भात खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून कुणी "माल कसा आहे?" विचारलं की झुल्मिरा म्हणायची, "नळी बघा."

लोक नळीकडे बघायचे. तिथे माऊली दिसायची. लोक क्रूस काढायचे आणि म्हणायचे, "भर मग, टाकी फुल्ल कर."

तिने भरलं. तीन आठवडे भरलं. हे तिचं तिने नंतर कधी लपवलं नाही, तेव्हा आपणही लपवायचं कारण नाही. निव्हाल्दो रोज आशीर्वाद मागायचा आणि ती "देव तुझं भलं करो"च्या ऐवजी नुसतं "देव बघतोय" म्हणायची. पहिल्या दिवशी तो चपापला. चौथ्या दिवसापासून त्याला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच.

गावातल्या गाड्या मिसिंग मारायला लागल्या. चढावर खोकायच्या, सकाळी दहा-दहा वेळा स्टार्टर मारावा लागायचा. थंडी होती, त्यामुळे लोकांनी थंडीला शिव्या घातल्या. दोघांनी मेकॅनिकला घातल्या.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी टॅक्सीवाला अनिझियो आला. अनिझियो बोर्गाटो हा झुल्मिराच्या वयाचा, तिच्याबरोबर ऊस तोडलेला माणूस. गावात टॅक्सी एकच, ती त्याची. तो खाली उतरला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. टॅक्सीवाले पंपावर टोपी काढत नाहीत.

"झुल्मिरा, जरा लाज वाटते सांगायला," तो म्हणाला. "गाडी म्हातारी झाली बहुतेक. काल डायलिसिसच्या बाईला घेऊन निघालो आणि पुलावर बंद पडली. बाईला ट्रकात बसवून पुढे पाठवलं. प्लग बदलले, फिल्टर बदलला, आता इंजिन खोलायचं म्हणतोय मेकॅनिक. बायको म्हणते विकून टाक."

झुल्मिराने टॅक्सीच्या टाकीचं झाकण उघडलं.

"मेकॅनिक आधी म्हणत होता, माल खराब असेल," अनिझियो पुढे म्हणाला. "मी त्याला झापलं. म्हटलं, अल्कोहोल मी झुल्मिराकडचं घालतो. पुन्हा असं बोललास तर तुझ्याकडे यायचा नाही. बरोबर ना?"

"किती भरू?" झुल्मिराने विचारलं.

"अर्धीच भर. इंजिन खोलणारच आहेत."

तिने अर्धी भरली. मग मागे फडकी धुवायच्या मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडली. नळ यासाठी की आवाज जाऊ नये. बाहेर एका गाडीने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा तोंड पुसून बाहेर आली आणि त्या गाडीवाल्याला म्हणाली, "आज पेट्रोल." सत्तर टक्क्यांचं गणित त्या दिवशी अल्कोहोलच्या बाजूने होतं. गाडीवाल्याने हुज्जत न घालता पेट्रोल भरून घेतलं.

संध्याकाळी तिने निव्हाल्दोला एवढंच सांगितलं, "अनिझियो इंजिन खोलतोय."

"रविवार होऊ दे गं, माय."

रविवार झाला. देऊळ भरलं. निव्हाल्दोने मागच्या अंगणात निम्म्या गावाचं जेवण ठेवलं होतं, मांस भाजायला सकाळीच लावलं होतं, त्यामुळे देवळात भक्तिभाव आणि वास दोन्ही भरपूर होते. बरेच जण उशिरा आले. चार गाड्या रस्त्यात बंद पडल्या होत्या, त्यातली एक फोटोग्राफरची. अनिझियो बायकोबरोबर चालत आला आणि मागच्या बाकावर बसला. झुल्मिराने निळा झगा शिवला होता, केस बसवून घेतले होते. हेलोइझा तिच्या हातांवर होती, डोळे उघडे, शांत. तिला अजून काही ठाऊक नव्हतं.

आताचे फादर लॉरिव्हाल तरुण आहेत. ते सगळं पुस्तकात लिहिलंय तसं करतात, शब्द गाळत नाहीत. त्यांनी आईबाप आणि धर्ममायबाप यांना पुढे घेतलं आणि विचारलं, "सैतानाचा धिक्कार करता का?"

"करतो," सगळे पुटपुटले. अशा वेळी सगळे पुटपुटतातच.

"त्याच्या सगळ्या कृत्यांचा?"

"करतो."

"त्याच्या सगळ्या लबाडीचा?"

"करते," तालिता म्हणाली. "करतो," तिचा भाऊ म्हणाला, तो धर्मबाप होता. "करतो," निव्हाल्दो फोटोग्राफरकडे बघत म्हणाला. झुल्मिराचा आवाज आला नाही. तिचा आवाज आला नाही की गावाला लगेच कळतं.

फादर थांबले. "झुल्मिराबाई?"

"मी माझ्यापुरता करते, फादर," झुल्मिरा म्हणाली. "तीन आठवडे केला नव्हता, आजपासून करते. पण अठ्ठ्याऐंशी साली याच बाप्तिस्म्याच्या दगडापाशी मी हिच्या बापाच्या वतीनेही 'करतो' म्हटलं होतं. तो दीड महिन्याचा होता, त्याला बोलता येत नव्हतं. आता त्याला बोलता येतं. त्याचं त्याला विचारा. नुसतं पुटपुटून चालणार नाही म्हणावं."

देवळात भाजलेल्या मांसाचा वास तेवढा येत राहिला. फादरनी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात या प्रसंगासाठी काही दिलेलं नव्हतं. मग ते निव्हाल्दोकडे वळले आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारला.

निव्हाल्दोचे कान लाल झाले होते. तो झुल्मिराकडे बघत होता, ती बाळाकडे बघत होती. "करतो," तो म्हणाला. या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. फादरनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाणी ओतलं. हेलोइझा मनसोक्त रडली.

जेवायच्या वेळी निव्हाल्दो ताट घेऊन झुल्मिराच्या शेजारी आला. मग बसला. "सगळ्या गावासमोर, माय? माझ्या मुलीच्या दिवशी?"

"मी कुणाला काय सांगितलं? फादरनी विचारलं, मी माझं सांगितलं."

"लोकांना कळलं असतं तर?"

"कळलं नाही. ते मांस खातायत." ती खरंच बोलत होती. गावाने देवळातला प्रकार म्हातारीचा विक्षिप्तपणा म्हणून पचवला होता, आणि अनिझियो तिसऱ्यांदा वाढून घेत होता. "देवळात म्हणायला काय लागतं, निव्हाल्दो? मी पण आजवर कितीतरी वेळा म्हटलंय."

"उद्यापासून येऊ नकोस," तो हळूच म्हणाला आणि उठून गेला.

सोमवारी सकाळी सहाला झुल्मिरा पिवळी टोपी घालून नेहमीप्रमाणे कामावर गेली. काढायचं असेल तर पंपावर काढावं, जेवणाच्या ताटावर नाही, असं तिचं मत होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. वाटेत तिने ठरवलं होतं की आज अनिझियोला सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो. हे ठरवून तिला जराही बरं वाटलं नाही.

निव्हाल्दो तिच्या आधी आला होता. हे आजवर कधी घडलं नव्हतं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि शेजारी एक टँकर उभा होता, रिकामा करायला आलेला नाही, भरून न्यायला आलेला. माल भट्टीत परत ऊर्ध्वपातनाला जाणार होता. पंपावर पुठ्ठा लावला होता: 'अल्कोहोल नाही'. उसाने वेढलेल्या गावात ही पाटी. निव्हाल्दोने आशीर्वाद मागितला नाही. ती पेट्रोलच्या पंपापाशी जाऊन उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

साडेसहाला अनिझियो आला. टॅक्सी खोकत होती. त्याने पाटी वाचली, काच खाली केली आणि झुल्मिराला विचारलं, "हे काय? संपलं?"

झुल्मिराने तोंड उघडलं. तेवढ्यात निव्हाल्दो मधे आला. हात एप्रनला पुसत होता, त्याचे हात कोरडेच होते तरी.

"संपलं नाही, अनिझियोकाका. काढून टाकतोय. त्यात पाणी होतं."

"कुणी घातलं? टँकरवाल्याने?"

"मी घातलं. तुमच्या गाडीला काही झालेलं नाही. इंजिन खोलू नका. प्लग आणि फिल्टरचा खर्च मी भरून देतो."

अनिझियोने हे ऐकून घेतलं, मग निव्हाल्दोला ओलांडून झुल्मिराकडे बघितलं. गावातला प्रत्येक माणूस बघतो तसाच. तो निर्णयाची वाट बघत होता. ती 'नाही' म्हणाली असती तर त्याने निव्हाल्दोवर विश्वास ठेवला नसता, आणि ती 'हो' म्हणाली असती तर इथून पुढेही त्याने फक्त तिचंच ऐकलं असतं, निव्हाल्दोचं कधीच नाही.

"माझ्याकडे काय बघतोस?" झुल्मिरा म्हणाली. "तो सांगतोय ना. त्याचं ऐक."

अनिझियोने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग त्याने मान फिरवली आणि निव्हाल्दोला विचारलं, "मग चांगलं कधी येणार?"

"गुरुवारी सकाळी."

"नक्की?"

"नक्की," निव्हाल्दो म्हणाला. अनिझियोने त्याला एक शिवी दिली, मोजून एक, आणि काच वर केली.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. तपासनीस आले, दंड झाला, कागद झाले. ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. अर्धं गाव हायवेवर गेलं, बुधवारपर्यंत पाऊण गेलं. निव्हाल्दो रिकाम्या पंपापाशी उभा राहायचा आणि झुल्मिरा पेट्रोलवाल्यांच्या काचा पुसायची. तिला कामावरून काढलंय की नाही, हे दोघांनीही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी टँकर येऊन गेला आणि सव्वासातला चढावरून टॅक्सी आली. इंजिनाचा आवाज नव्हता. अनिझियो दार उघडं ठेवून एका हाताने स्टिअरिंग धरून ढकलत होता आणि मागून त्याची बायको ढकलत होती, आणि ती काय बोलत होती ते दूरवर ऐकू येत होतं. टाकी बुधवारी सकाळीच कोरडी पडली होती. हायवेचा पंप त्याच्या घरापासून दोन किलोमीटरवर होता, तोही उताराचा.

झुल्मिरा अल्कोहोल भरायची नळी उचलायला निघाली. अनिझियोने हाताने तिला थांबवलं आणि घाम पुसत निव्हाल्दोला म्हणाला, "तू भर."